नागरी-लष्करी संबंधांवर पीएचडी: प्रश्न कसा निवडावा, कागद कुठे मिळतात, पुढे काय करता येतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्रात एमए झालं, नेट झाली, आणि आता दक्षिण आशियातली प्रादेशिक सुरक्षा आणि नागरी-लष्करी संबंध या विषयावर पीएचडी करून याच क्षेत्रात राहायचं आहे. घरात कुणी फौजेत नाही, दिल्लीत ओळखी नाहीत. जो भेटेल तो सांगतो की या विषयातलं सगळं गुप्त असतं, कागद हाती लागत नाहीत आणि नोकऱ्या तर नाहीतच. मग या वाटेला जावं का?

जावं. मात्र खरी अडचण कुठे आहे ते आधी समजून घ्या. ओळखी नसल्यामुळे अडलेले प्रबंध थोडे. प्रश्न चुकीचा निवडल्यामुळे अडलेले कितीतरी. ज्याचं उत्तर कुलूपबंद कपाटातल्या फायलीतच आहे असा प्रश्न घ्यायचा आणि तीन वर्षं त्या कपाटाची किल्ली शोधत हिंडायचं, यात उमेदीची वर्षं जातात. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर देणारे कागद कुणाही नागरिकाला रीतसर मागून मिळतील. असे प्रश्न भरपूर आहेत, कारण 'नागरी-लष्करी' या जोडशब्दाचा अर्धा भाग नागरी आहे. मंत्रालय, संसद, अर्थखातं, न्यायालयं, महालेखापरीक्षक यांनी लष्कराशी कसा व्यवहार केला याचे बरेचसे कागद खुले आहेत. विद्यार्थी त्यांच्याकडे वळत नाहीत, कारण सेनापती आणि मोहिमा जास्त खुणावतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती) आहे की नुसती नेट, गाईड या विषयाचा आहे की शेजारच्या, भारतावर काम करायचं की पाकिस्तान-बांगलादेशावर, आणि घरातून पाच वर्षं धीर धरला जाईल का. यातलं प्रत्येक उत्तर पुढचा सल्ला थोडा बदलतं. पण प्रश्न निवडायची रीत सगळ्यांना सारखीच लागू आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

'दक्षिण आशियातील नागरी-लष्करी संबंध: एक अभ्यास' असं शीर्षक घेऊन विद्यार्थी येतो तेव्हा त्याच्याकडे विषय असतो, प्रश्न नसतो. या शीर्षकाखाली आठ देश आणि ७५ वर्षं मावतात. त्याचा प्रबंध शेवटी तारखांची जंत्री होतो: अमुक साली उठाव, तमुक साली युद्ध. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक एकच विचारतो, 'तुमचं म्हणणं काय?' आणि तिथे गाडी अडते.

हाच विषय बारीक करून पाहू. २०२० मध्ये भारतात चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ (सीडीएस) हे पद आलं. १ जानेवारीला जनरल बिपिन रावत त्यावर रुजू झाले आणि संरक्षण मंत्रालयात 'लष्करी व्यवहार विभाग' हा पाचवा विभाग तयार झाला. आता १९६१ चे कामकाज वाटप नियम काढा, म्हणजे कोणत्या खात्याकडे कोणतं काम याची सरकारी यादी. या बदलाच्या आधीची आणि नंतरची यादी शेजारी शेजारी ठेवा आणि ओळ न् ओळ ताडून बघा. स्थलसेना, नौदल, हवाई दल ही सैन्यदलं संरक्षण विभागाच्या यादीतून उठून नव्या विभागाकडे गेली, आणि त्या विभागाचा सचिव खुद्द सीडीएस. पण 'भारताचं आणि त्याच्या प्रत्येक भागाचं संरक्षण' ही पहिली ओळ संरक्षण सचिवांच्या विभागाकडेच राहिली. भांडवली खरेदीही तिथेच राहिली, बाकीची सैन्यदलांपुरती खरेदी मात्र हलली. म्हणजे सैन्य एका सचिवाकडे आणि संरक्षणाची जबाबदारी दुसऱ्या सचिवाकडे. ही वाटणी अशी का झाली, कुठल्या समितीनं काय सुचवलं होतं, त्यातलं काय घेतलं, काय गाळलं? कारगिल समीक्षा समिती १९९९ ची, त्यावरच्या मंत्रिगटाचा अहवाल २००१ चा, नरेशचंद्र कार्यगट २०११ चा. पद यायला २०२० उजाडावं लागलं.

पुढे ८ डिसेंबर २०२१ ला जनरल रावत यांचं अपघाती निधन झालं आणि जनरल अनिल चौहान ३० सप्टेंबर २०२२ ला आले. मध्ये जवळजवळ दहा महिने पद रिकामं होतं, आणि जून २०२२ मध्ये सेवानियम बदलून ६२ वर्षांखालच्या निवृत्त लेफ्टनंट जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांनाही त्यासाठी पात्र केलं गेलं. ती अधिसूचना राजपत्रात आहे. नेमणुकीचे निकष राजकीय नेतृत्व कसे हाताळतं, या प्रश्नावर एवढ्याच घटनाक्रमातून एक प्रकरण सहज उभं राहतं, आणि त्यात एकही कागद गुप्त नाही.

उलट १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल घ्या. सरकारनं तो अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही आणि २०१० मध्ये केंद्रीय माहिती आयोगानंही तो द्यायला नकार दिला. २०१४ मध्ये त्याचा काही भाग बाहेर फुटला तरी अर्धवट दस्तऐवजावर प्रबंध उभा करणं धोक्याचं आहे. १९६२ वर काम करायचंच असेल तर १९५९ कडे या. तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्यामुळे राजीनामा दिला आणि मग मागे घेतला. त्यावर २ सप्टेंबर १९५९ ला लोकसभेत नेहरूंनी निवेदन केलं. कामकाजाचं इतिवृत्त, नेहरूंच्या निवडक लेखनाचे खंड, त्या आठवड्याची वृत्तपत्रं, सगळं खुलं आहे.

सिद्धान्ताबद्दल थोडक्यात सांगतो, कारण प्रबंधात त्याचं एक प्रकरण सगळे टाकतात आणि पुढे त्याचा उल्लेखही करत नाहीत. अमेरिकी अभ्यासक हंटिंग्टन यांनी १९५७ मध्ये मांडलं की लष्कराला त्याच्या व्यावसायिक कामात स्वायत्तता द्या, म्हणजे ते राजकारणात येत नाही. जानोविट्झ यांनी १९६० मध्ये म्हटलं की सैनिक समाजापासून इतका तुटत नाही, तो समाजाबरोबर बदलत असतो. दोघांसमोर शीतयुद्धातली अमेरिका होती. आपल्याकडचं कोडं वेगळं आहे. १९४७ मध्ये एकाच ब्रिटिश इंडियन आर्मीची वाटणी झाली, सारखेच नियम, सारखंच प्रशिक्षण, एकाच मेसमध्ये जेवलेले अधिकारी. अकरा वर्षांत एका देशात लष्करी राजवट आली, दुसऱ्यात कधीच आली नाही. व्यावसायिकता दोन्हीकडे सारखी होती, त्यामुळे तिनं हा फरक उलगडत नाही. मग अभ्यासक पक्षसंघटनेकडे वळतात, म्हणजे काँग्रेसचं गावपातळीवरचं जाळं आणि मुस्लिम लीगची तुलनेनं विरळ बांधणी. ते सैन्याच्या प्रांतनिहाय रचनेकडे बघतात, कारण पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या सैन्यात पंजाबचं वजन फार होतं. आणि बाहेरच्या धोक्याकडेही बघतात. तुमच्या शीर्षकातला 'प्रादेशिक सुरक्षा' हा भाग इथे जोडला जातो. शेजाऱ्याची भीती घरातल्या लष्कराचं वजन कसं वाढवते, ही ती जोडणी. बॅरी बुझान यांची 'प्रादेशिक सुरक्षा संकुल' ही कल्पना १९८३ पासून याच कामी येते: काही देशांच्या सुरक्षेच्या चिंता एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही. प्रबंधात ही जोडणी दाखवली नाहीत तर तो दोन वेगळ्या प्रबंधांची शिलाई वाटेल.

सिद्धान्ताची परीक्षा मोजदादीत होते. एक उदाहरण देतो, कारण इथे भलेभले घसरतात. पाकिस्तानात १९५८ मध्ये लष्करी उठाव किती झाले? ७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी मार्शल लॉ पुकारला आणि २७ ऑक्टोबरला जनरल अयूब खान यांनी मिर्झांनाच हटवलं. हा एक उठाव की दोन? १९६९ मध्ये अयूबांनी सत्ता याह्या खानांच्या हाती दिली, तो मोजायचा का? पॉवेल आणि थाइन यांची १९५० पासूनची जी नोंद बहुतेक जण वापरतात, तिच्यात उठाव करणाऱ्यांनी सत्ता घेऊन निदान सात दिवस टिकवली तर उठाव यशस्वी धरतात. आता बांगलादेशाचा नोव्हेंबर १९७५ बघा. ३ तारखेला खालिद मुशर्रफ यांच्या गटानं उठाव केला, ७ तारखेला दुसरा उठाव होऊन ते मारले गेले. पण त्या चार दिवसांत आधीचे राष्ट्राध्यक्ष खोंदकर मुश्ताक पदावरून गेले होते आणि ते परतले नाहीत. यशस्वी म्हणाल की अयशस्वी? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. म्हणून तयार आकडेवारी उतरवू नका. तुमच्या प्रदेशातली प्रत्येक घटना वेगळ्या तक्त्यात घ्या. तारीख, कोण हटलं, कुणी हटवलं, किती दिवस टिकलं, आधार काय, आणि तुम्ही काय ठरवलं व का, असे सहा रकाने पुरतात. हा तक्ता प्रबंधाच्या परिशिष्टात गेला की परीक्षकाचा विश्वास बसतो.

संरक्षण खर्चाचंही तसंच. भारताच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६.८१ लाख कोटी रुपये आहेत आणि त्यातले सुमारे १.६ लाख कोटी नुसत्या निवृत्तिवेतनाचे. ते धरलं की नाही यावर सगळा युक्तिवाद फिरू शकतो. सिप्री या स्टॉकहोमच्या संशोधन संस्थेच्या आकड्यांत भारताच्या बाबतीत निवृत्तिवेतन तर येतंच, शिवाय बीएसएफ, सीआरपीएफसारख्या दलांचा खर्चही येतो, आणि आपलं एप्रिल ते मार्च हे वर्ष कॅलेंडर वर्षात बदललेलं असतं. पाकिस्तान लष्करी निवृत्तिवेतन संरक्षण खर्चात दाखवत नाही, ते नागरी खर्चात जातं. म्हणून एका देशाचा आकडा सिप्रीतून आणि दुसऱ्याचा त्याच्या अर्थसंकल्पातून घेऊन आलेख काढला तर तो चुकलाच. एकच स्रोत धरा, आणि व्याख्या तळटीपेत लिहा.

आता कागद कुठून आणायचे. सगळ्यात दुर्लक्षित खजिना संसदेचा. संरक्षणविषयक स्थायी समिती १९९३ पासून आहे. दरवर्षी अनुदानाच्या मागण्यांवर तिचे अहवाल येतात आणि त्यावर सरकारनं काय केलं याचे कृती-अहवालही येतात. समितीची शिफारस, सरकारचं उत्तर, समितीचा शेरा अशी तिपेडी मांडणी असते. एकाच मुद्द्याचा, समजा अधिकाऱ्यांच्या कमतरतेचा, दहा वर्षांचा माग काढा. नागरी देखरेख किती चालते आणि कुठे थकते ते उत्तरांच्या भाषेतूनच कळतं. 'बाब विचाराधीन आहे' हे उत्तर सलग किती वर्षं आलं, हे मोजणं म्हणजे संशोधनच आहे. सोबत कॅगचे संरक्षणविषयक अहवाल ठेवा. राजपत्राचा भाग १, विभाग ४ रोज कुणी उघडत नाही, पण संरक्षण मंत्रालयानं केलेल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि बढत्या त्यातच असतात. वैधानिक नियम व आदेश भाग २, विभाग ४ मध्ये असतात.

जुन्या काळासाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि तीन मूर्तीचं ग्रंथालय ही दोन ठिकाणं. अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल घरबसल्या चाळता येतं, त्यामुळे फाईल क्रमांकांची यादी हातात असल्याशिवाय दिल्लीचं तिकीट काढू नका. तीन मूर्तीला खासगी कागदपत्रं आहेत. १९७१ साठी इंदिरा गांधींचे सल्लागार पी. एन. हक्सर यांचे कागद तिथेच आहेत. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, आणि संरक्षण मंत्रालयाच्या जून २०२१ च्या धोरणात २५ वर्षांनी कागद सहसा खुले करावेत असं म्हटलं आहे. व्यवहारात किती फायली आल्या ते विषयागणिक बदलतं, म्हणून वेळापत्रक या धोरणाच्या भरवशावर आखू नका. परदेशातलं साहित्य हा चांगला पर्याय आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दस्तऐवजांचे खंड इंटरनेटवर फुकट आहेत, १९७१ च्या संकटाचा स्वतंत्र खंडही. ब्रिटनमध्ये क्यू इथल्या अभिलेखागारात एफसीओ ३७ या मालिकेत त्यांच्या दक्षिण आशिया विभागाच्या फायली आहेत आणि स्वतःच्या कॅमेऱ्यानं फोटो काढता येतात. हे वाचताना एक सावधगिरी ठेवा. ब्रिटिश उच्चायुक्ताला त्याच्या ओळखीच्या जनरलनं जेवणाच्या टेबलावर जे सांगितलं, ते त्या फाईलमध्ये 'भारतीय लष्कराचं मत' होऊन बसतं. अशी नोंद वापरायची तर दुसऱ्या, भारतीय कागदाचा आधार शोधा.

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्या सहा महिन्यांत टाका, कारण त्याला वेळ लागतो. उत्तराला ३० दिवस, मग पहिलं अपील ३० दिवसांत करायचं, त्याच्या निर्णयाला ३० ते ४५ दिवस, आणि दुसरं अपील ९० दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे. तिथे किती काळ जाईल ते सांगता येत नाही. शुल्क १० रुपये, प्रतींना पानाला २ रुपये, अर्ज साधारण ५०० शब्दांच्या आत. दुसऱ्या अनुसूचीतल्या रॉ, आयबी, बीएसएफ, डीआरडीओ अशा संस्थांना कायद्यातून सूट आहे, पण स्थलसेना, नौदल, हवाई दल त्या यादीत नाहीत. हे अनेकांना ठाऊक नसतं आणि ते अर्जच करत नाहीत. 'अमुक निर्णय का घेतला?' असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण कायदा कारणं देत नाही, कागद देतो. 'अमुक तारखेच्या आदेशाची जोडपत्रांसह साक्षांकित प्रत द्यावी' असं लिहा. कलम ८(१)(अ) खाली, म्हणजे देशाच्या सुरक्षेच्या कारणानं, नकार आला तर अपिलात कलम १० चा आधार घेऊन गोपनीय भाग झाकून उरलेला द्या असं मागा. आणि लक्षात ठेवा, २० वर्षांनंतर बहुतेक अपवाद गळून पडतात, तरी सुरक्षेचा हा अपवाद कायम राहतो.

मुलाखतींवर थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे चूक झाली तर ती निस्तरत नाही. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याची मुलाखत घेऊ नका. सैन्य नियम १९५४ मधल्या नियम २१ नुसार राजकीय किंवा सेवाविषयक बाबींवर परवानगीशिवाय काहीही प्रसिद्ध करायला त्याला मनाई आहे. तुमच्या तळटीपेमुळे त्याची नोकरी धोक्यात येईल. निवृत्तांशी बोला, पण ते वर सांगितलेल्या दुसऱ्या अनुसूचीतल्या संस्थेचे असतील तर २०२१ पासून त्यांच्या पेन्शन नियमांतही बंधन आहे, तेव्हा आधी त्यांनाच विचारा. बोलता बोलता कुणी 'गोपनीय' शिक्का असलेली झेरॉक्स पुढे केली तर घेऊ नका, फोटोही काढू नका. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचं कलम ५ देणाऱ्यालाच नाही तर जाणूनबुजून घेणाऱ्यालाही लागू होतं. नम्रपणे सांगा की 'सर, मला खुल्या कागदावरच काम करायचं आहे'. ते चिडत नाहीत, बहुतेकांना उलट बरं वाटतं.

मुलाखत मागताना विद्यापीठाचं पत्र, विषयाचं एक पान आणि सात-आठ प्रश्न पाठवा. नाव घालून छापायचं, फक्त हुद्दा द्यायचा, की नुसतं समजून घेण्यासाठी बोलायचं, हे तिन्ही पर्याय लेखी ठेवा आणि सही घ्या. तुमच्या विद्यापीठात सामाजिक शास्त्रांसाठी नैतिकता समिती नसली तरी संमतीपत्र स्वतः बनवा. परदेशी जर्नलं ते मागतात. ध्वनिमुद्रण दोन दिवसांत कागदावर उतरवा. नावं आणि त्यांचे सांकेतिक क्रमांक वेगळ्या, पासवर्ड असलेल्या फाईलमध्ये ठेवा. बोललेल्या माणसाला त्याची अवतरणं दाखवा, विश्लेषण दाखवू नका. नाहीतर तो तुमचं प्रकरणच दुरुस्त करायला बसतो. आठवणी तारखांच्या बाबतीत दगा देतात. 'तेव्हा मी ब्रिगेडियर होतो' असं कुणी म्हणालं की राजपत्रातून ताडून बघा. आणि फक्त फौजी अधिकाऱ्यांशी बोलून थांबू नका. संरक्षण मंत्रालयात काम केलेले आयएएस अधिकारी, संरक्षण लेखा सेवेतले अर्थसल्लागार, स्थायी समितीवर बसलेले खासदार यांच्याशी बोललात तर चित्राची दुसरी बाजू मिळते. बारा फौजी आणि शून्य नागरी मुलाखती असलेला प्रबंध नागरी-लष्करी संबंधांवरचा म्हणायचा कसा?

शेजारी देश घ्यायचा असेल तर भाषा आणि व्हिसा आधी बघा. पाकिस्तानचा संशोधन व्हिसा भारतीय विद्यार्थ्याला मिळेल असं गृहीत धरू नका. खुल्या इंग्रजी साहित्यावर निभावेल एवढाच प्रश्न घ्या, आणि उर्दू वाचायला शिका. बांगलादेशासाठी बंगाली हवीच. नेपाळ हा मराठी माणसाला सोयीचा देश आहे, लिपी तीच आहे आणि भाषा काही महिन्यांत वाचण्यापुरती येते. २००९ मध्ये पंतप्रधान प्रचंड, म्हणजे माओवादी बंडाचे नेते, यांनी सेनाप्रमुख रुक्मांगद कटवाल यांना हटवायचा प्रयत्न केला, राष्ट्राध्यक्षांनी तो रोखला आणि ४ मे ला प्रचंड यांनीच राजीनामा दिला. बंडखोर गट सत्तेत आल्यावर लष्कराशी नातं कसं ठरतं, यावर एवढा नेमका प्रसंग दक्षिण आशियात दुसरा मिळणार नाही. तरी आपल्याकडे त्यावर काम फार कमी आहे.

पैसा आणि काळ. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, निदान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क धरून. जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, अधिक घरभाडं, एकूण पाच वर्षं. नुसती नेट असेल तर आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) डॉक्टरल फेलोशिप बघा. यातलं काहीच नसेल तर दिल्ली-लंडनच्या अभिलेखागारांवर बेतलेला विषय घेऊ नका. संसदेचे अहवाल आणि राजपत्र घरून वाचता येतात, त्यावर घ्या.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. संरक्षण व सामरिकशास्त्राचे विभाग मोजके आहेत, पुण्याच्या विद्यापीठात आहे, पण महाविद्यालयांत हा विषय फार थोड्या ठिकाणी शिकवतात. राज्यशास्त्र जवळजवळ प्रत्येक कला महाविद्यालयात आहे. तुमचं एमए राज्यशास्त्राचं आहे, तर पीएचडीची नोंदणीही राज्यशास्त्रातच करा आणि विषय तुमच्या आवडीचा ठेवा. २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट हीच किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक, पण निवड समितीसमोर तिचं वजन पडतंच. अनुदानित जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवावं लागण्याची तयारी ठेवा, आणि त्या वर्षांत आठवड्याचे दोन दिवस लेखनासाठी राखून ठेवा, नाहीतर ते दिवस कधीच परत मिळत नाहीत. इतर वाटा म्हणजे दिल्लीतल्या संशोधन संस्था: १९६५ ची मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था, १८७० ची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आणि सैन्यदलांशी जोडलेली केंद्रं. खडकवासल्याच्या एनडीएतही नागरी प्राध्यापक असतात. संशोधन संस्थांत धोरणावर १,५०० शब्द आणि तेही चार दिवसांत, अशी लेखनाची चाल असते. ती शिकण्यासारखी आहे, पण संरक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत राहून नागरी देखरेखीवर लिहिताना तो संबंध लेखात नमूद करा.

लेख कुठे छापायचे? यूजीसीची केअर ही मान्य जर्नलांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता जर्नल तुम्हालाच पारखावं लागेल. आठवड्यात स्वीकारपत्र देणारं आणि पैसे मागणारं जर्नल टाळा. 'आर्म्ड फोर्सेस अँड सोसायटी' हे १९७४ पासूनचं या विषयाचं मुख्य जर्नल. तिथे निव्वळ भारताची गोष्ट चालत नाही, ती कुठल्या व्यापक प्रश्नाला उत्तर देते ते पहिल्या पानावर लागतं. प्रबंधातलं एकच प्रकरण, एकच युक्तिवाद, असा लेख पाठवा. नकार आला तर परीक्षकांचे शेरे घेऊन दोन महिन्यांत दुसरीकडे पाठवा.

शेवटचं, टीव्हीबद्दल. सीमेवर काही घडलं की चॅनेलवाले संरक्षण अभ्यासक शोधतात आणि तरुण संशोधकाला तो फोन मोलाचा वाटतो. नोंदणी झाल्यापासून प्रबंध जमा होईपर्यंत तो घेऊ नका असंच मी सांगेन. संध्याकाळी सातला एका बाजूनं ठामपणे बोललेलं वाक्य सहा महिन्यांनी मुलाखत मागायला गेल्यावर समोरच्याला आठवतं, आणि तुम्ही त्याचं ऐकायला आलात की आपलं सिद्ध करायला, हा संशय दारातच उभा राहतो. त्यापेक्षा या आठवड्यात संरक्षणविषयक स्थायी समितीचा ताजा अनुदान-मागण्यांवरचा अहवाल उतरवून घ्या, त्यातली एक शिफारस निवडा आणि मागच्या पाच वर्षांत तिचं काय झालं ते शोधा. सिनॉप्सिसचा, म्हणजे संशोधन-आराखड्याचा, प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.